सूचना दिली होती

नामा,

तुझ्यासाठी मी आयुष्यभर लिहीत आलो. शाळेत तुझा गृहपाठ, रजेचे अर्ज, आठवीत त्या मुलीला द्यायची चिठ्ठी, जी तू दोन महिने खिशात बाळगलीस आणि शेवटी धुण्यात गेली. पुढे तुझ्या कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरच्या परवान्यांचे कागद. पण खुद्द तुला मी कधी एक ओळ लिहिली नाही. वेळच आली नाही. तुझं गाव कोन गावाच्या अलीकडे, मी आधी पनवेल शहरात आणि मग करंजाड्याला. मनात आलं की तू मोटारसायकल काढून यायचास आणि खालूनच ओरडायचास, "सुध्या, हायस का?" आता यायचा नाहीस म्हणून लिहायला बसलोय. जे लिहायचंय ते तू असताना, तुझ्यासमोर बसून बोलायचं होतं. ते राहिलं.

नाक्यावर तुझ्या श्रद्धांजलीचा फलक लागलाय. पुतण्याच्या लग्नातला फोटो कापून घेतलाय, त्यामुळे तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे आणि तो माणूस नाही. खाली तुला समाजसेवक म्हटलंय. तू गेल्यावर गावाला ते सुचलं. आधीची सहा वर्षं हेच गाव तुला पाठीमागे गाव विकणारा म्हणत होतं, आणि ते नाव तुला माझ्यामुळे मिळालं. हे तुला माहीत होतं. तुझ्याशिवाय आणखी दोघांनाच माहीत होतं. बाकीच्यांसाठी आता नीट सांगतो, पहिल्यापासून.

त्या वर्षी आमच्या महापालिकेच्या करविभागाने सगळ्या घरांची नव्याने मोजणी काढली होती. घर किती चौरस फूट, कच्चं की पक्कं, राहतं की भाड्याने दिलेलं, यावरून घराचं मूल्य ठरायचं आणि मूल्यावरून घरपट्टी. मोजणीच्या आधी घरोघरी छापील सूचना द्यायची होती. ही मोजणी मालमत्ता कराच्या आकारणीसाठी आहे, असं तिच्या पहिल्याच ओळीत होतं. सूचना द्यायची, मिळाल्याची सही घ्यायची आणि मगच टेप लावायची, असा नियम. मी तो नियम पहिल्या गावात पाळला. तिथे दारं लागली. एका बाईने भांडी घासलेलं पाणी माझ्या पायावर ओतलं आणि वर म्हणाली, आता लिव. दोन आठवड्यांत मोजून नऊ घरं झाली.

मी तेव्हा वीस वर्षं हंगामी होतो, नामा. केस पिकले होते आणि हजेरीपटावर नाव अजून पेन्सिलने. साहेब बैठकीत म्हणाले होते की ज्यांची गावं आधी पुरी होतील त्यांना कायम करायची शिफारस वर पाठवतो. दुसरं गाव तुझं होतं. सूचनांचे गठ्ठे मी स्कूटरच्या डिकीत ठेवले, त्यावर रेनकोट टाकला आणि तुझ्याकडे आलो.

तू ओट्यावर दाढी करत होतास. विचारलंस, मोजणी कसली? मी म्हटलं, घरांची. घरं कायम करायची ती का, असं तू विचारलंस. गावात दहा वर्षं तीच चर्चा होती. गरजेपोटी परवानगीशिवाय बांधलेली घरं आता नियमित होणार, माणसं येणार, मोजणार. मी चपलेचा पट्टा लावत बसलो आणि म्हणालो, "वरून आदेश आलाय. बघू."

एवढंच. खोटा शब्द एकही नाही. सहा वर्षं मी हीच ढाल पुढे धरत आलो, की मी खोटं बोललो नाही.

तुमच्या गावात टेपचा अर्थ वेगळा होता, आणि तो मला ठाऊक होता. सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या त्यात तुझ्या आजोबांची मिठागरं गेली, वडिलांची भातखाचरं गेली. त्या वेळी ज्याने गोठा दाखवला त्याला गोठ्याचा मोबदला मिळाला. ज्याने संकोचाने दाखवला नाही, त्याचा गोठा कागदावर कधी नव्हताच. भावांनी चुली वेगळ्या दाखवल्या तर मोबदल्यातले भूखंड वेगळे झाले, एकत्र राहतो म्हणाले ते एकाच भूखंडावर भांडत बसले. त्यातून गावाने एक गोष्ट पक्की धरली होती: सरकारी माणूस टेप घेऊन आला की हातचं राखायचं नाही, असेल नसेल ते दाखवायचं. पनवेलच्या कुठल्याही इमारतीत टेप बघून माणसं खोली लपवतात. तुमच्याकडे मला हाताला धरून मागच्या दारी नेत होते.

आणि माझ्या पुढे तू. दारात उभा राहून सांगायचास, "यो माजा दोस्त हाय, शालेतला. आपला मानूस. सगलं दाखवा, लाजू नका." पांडूकाकांनी, तुझ्या चुलत्यांनी, गोठा भाड्याची खोली म्हणून लिहायला लावला. म्हशी विकून टाकल्या होत्या, आत फक्त शेणाचा वास होता. मी विचारलं, भाडेकरू कुठाय? तर म्हणाले, "यील की. तू लिव आदी." पुढे अंगणात नुसत्या चार खुंट्या ठोकलेल्या होत्या, तिथे उभे राहून ते म्हणाले, हितं माडी व्हनार हाय, तीबी धर. तू हसून हसून खाली बसलास. मीही हसलो. माडी मी धरली नाही. गोठा धरला. तीन भावांच्या तीन चुली, पडव्या, माळे, कोंबड्यांचं खुराडं वगळता सगळं धरलं. प्रत्येक घरी चहा झाला. एका म्हातारीने मला सुकटीची पुडी बांधून दिली, आणि मी खात नाही हे तुला माहीत असूनही तू तिला म्हणालास, त्याला लई आवडतं, आजे.

चार दिवसांत गाव पुरं झालं. संध्याकाळी गावदेवीच्या देवळात सगळ्यांना बोलावून सह्या घेतल्या. एक मोजणीच्या अर्जावर, एक सूचना मिळाल्याच्या तक्त्यावर. जिथे मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. पहिली तुझी. तू केलीस म्हणून बाकीच्यांनी केली. गठ्ठे डिकीतच होते.

वर्षभराने बिलं आली. त्यात आधीच्या वर्षांची थकबाकीही धरलेली होती. मी आकडे सांगत नाही, ते ज्याचे त्याला पाठ आहेत. पांडूकाकांच्या रिकाम्या गोठ्याला भाड्याच्या खोलीचा दर लागला होता. लोक आधी कार्यालयात आले. तिथे त्यांना त्यांच्याच सह्या दाखवल्या. मग ते तुझ्याकडे वळले. नामाने घराघरांत नेऊन मोजून दिलं. नामाला किती मिळाले? त्याच सुमारास तू दुसरा ट्रेलर घेतला होतास, कर्ज काढून. ते कर्ज कुणी पाहिलं नाही, ट्रेलर सगळ्यांनी पाहिला.

गावाने तुला तोंडावर शिवी दिली नाही. दिली असती तर तू परत दिली असतीस आणि दोन महिन्यांत मिटलं असतं. तू देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसलास की एकेक जण उठायचा. कुणाला गुरं आठवायची, ज्यांच्याकडे गुरं नाहीत त्यांनासुद्धा. गावातलं एकही लग्न तुझ्याशिवाय ठरत नव्हतं, बोलणी अडली की तुला बोलावणं यायचं. ते बंद झालं. पांडूकाकांच्या नातीच्या हळदीचं आवतण सगळ्या आळीला गेलं आणि तुझं घर सोडून पुढे गेलं. वहिनींनी तुझ्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. तू तो घालून न्हावा शेवा बंदराच्या यार्डात निघून गेलास, सुट्टी असून.

हे मला तू सांगितलं नाहीस, इकडून तिकडून कानावर आलं. तू मला फक्त भांडणं सांगितलीस, तीही तात्त्विक. जुन्या हायवेवरच्या टपरीवर आपण त्या वर्षी किती वाद घातले. मी म्हणायचो, कर द्यायलाच हवा, रस्ता हवा, दिवा हवा, पाणी हवं, तर पैसा कुठून येणार? तू म्हणायचास, देतो की. जे हाय त्याचं देतो. जे आमी तोंडाने वाढवून सांगितलं त्याचं कसं द्यायचं? मी म्हणायचो, लिहून दिलंत ना. तू म्हणायचास, लिहिलेलं बोलून बदलता येतं, बोलणारा पाहिजे. मी म्हणायचो, कायद्यात तसं नसतं. तू माझ्याकडे बघायचास. डिकीतल्या गठ्ठ्याचं तुला तोवर माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे हे माहीत होतं. तू विचारलं नाहीस. मित्राला आपणहून सांगायची संधी द्यावी, असा तुझा स्वभाव. ती संधी मी दर खेपेला चहाबरोबर पिऊन टाकली.

मग गावागावांतून निवेदनं गेली, प्रश्न विधिमंडळात उपस्थित झाला, आणि घरांची मूल्यं कशी ठरवली गेली हे तपासायला आमदारांची एक समिती येणार असं ठरलं. तुझ्या गावातर्फे बोलायला कुणी पुढे येईना. साहेब लोकांसमोर बोलायची सवय कुणाला? तू म्हणालास, मी बोलतो. पांडूकाका म्हणाले, बोल, नाहीतरी तूच केलंयस.

समितीने एक गोष्ट लिहून घ्यावी, एवढंच तुला हवं होतं: मोजणी करासाठी आहे हे लोकांना सांगितलं गेलं नव्हतं. ते नोंदवलं गेलं असतं तर बिलं कमी झाली असती की नाही, देव जाणे. पण गावाला कळलं असतं की नामाने विकलं नाही, नामाही फसला. आदल्या आठवड्यात तू माझ्याकडे आलास. तेव्हा प्रथमच विचारलंस, सूचना असते म्हणतात, ती आमच्याकडे वाटली होती का रे? मी म्हणालो, नाही. तुला एवढं खरं सांगितलं, दार लावून. तू म्हणालास, "मी तुजं नाव घेनार नाय. तुला इचारलं तर तेवडं सांग. एक शब्द." मी म्हणालो, बघतो.

सुनावणीचा दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लांब टेबल, पांढरं कापड, पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला समितीचे सदस्य, समोर आमचे साहेब, त्यांच्या मागच्या रांगेत फायली मांडीवर घेतलेले आम्ही. भिंतीलगत गावोगावचे लोक, आणि त्यात इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात तू. अशा सुनावणीची एक रीत असते. साहेबांना उत्तर माहीत नसलं की ते मागे वळत नाहीत. खुर्चीच्या मागे नुसता तळहात उघडतात. मागच्या माणसाने त्यात चिठ्ठी ठेवायची.

समितीत एक बाई होत्या, वयाने आपल्याएवढ्या. बाकीचे दरांविषयी, कोष्टकांविषयी विचारत होते. त्या मधेच म्हणाल्या, "ते राहू द्या. मोजणी कशासाठी आहे हे लोकांना आधी सांगितलं होतं का? हो की नाही, एवढंच सांगा."

साहेबांचा तळहात माझ्यासमोर उघडला.

तू माझ्याकडे बघत होतास, नामा. सगळ्या हॉलमध्ये त्या तळहाताकडे फक्त आपण दोघं बघत होतो. मी कागद फाडला आणि लिहिलं: सूचना दिली होती, पोच सोबत आहे. कायम होऊन मला तेव्हा पाच महिने झाले होते. वीस वर्षं असंच लिहीत आलेला हात होता.

बाईंनी पोच मागितली. तक्ता पुढे गेला. पहिलंच नाव वाचून त्यांनी तुला उभं केलं. ही सही तुमची का? तू चष्मा लावलास, कागद हातात घेतलास. सही कुठे केली, कुणी बोट ठेवलं होतं, तो माणूस आत्ता इथेच कुठल्या खुर्चीवर बसलाय, हे सगळं तू सांगू शकत होतास. त्या बाई ऐकायला तयार होत्या. त्यांनी पेन वर धरलं होतं.

"माजीच हाय," तू म्हणालास.

त्यांनी विचारलं, सही करताना वाचलं होतं का? तू म्हणालास, नाय, वाचायची गरज वाटली नाय. का नाही वाटली, असं त्यांनी विचारलं, अगदी मऊ आवाजात. तू उत्तर द्यायला एवढा वेळ घेतलास की साहेब मागे वळले. मग तू म्हणालास, "चूक माजीच हाय, ताई." आणि बसलास.

अहवालात एकच ओळ आली. मोजणीपूर्वी रीतसर सूचना दिल्याचं आढळलं, अशी. कार्यालयात साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तुझ्या गावात ती ओळ कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवली, आणि मग जे थोडेफार तुझ्याशी बोलत होते त्यांनीही सोडलं. तुझ्याच तोंडून निघालं होतं ना, चूक माझी म्हणून.

त्या दिवशी बाहेर पायऱ्यांवर तू माझ्यासाठी थांबला होतास. मी फायलींचं बोचकं छातीशी धरून उतरत होतो. मला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "तुजं अक्षर अजूनबी मोत्यासारखं हाय रं." आणि गाडीला किक मारलीस.

त्यानंतर तू एकदाच आलास. खालून हाक नाही, बेल वाजवून. पाणी प्यायलास, चहा घेतलास, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केलीस. जाताना दारात उभा राहून म्हणालास, आता समितीला नको, साहेबांना नको, एकदा गावात येऊन सांग. देवळात दहा जण असले तरी पुरे. मी म्हणालो, निवृत्त होऊ दे, पाच वर्षं राहिलीत, मग सांगतो.

"बरं. मी थांबतो," तू म्हणालास.

तू चेष्टा केलीस की खरंच म्हणालास, हे मला कळलं नाही. मी दार लावलं. जिन्यावर तुझी पावलं बराच वेळ ऐकू येत होती, हळूहळू उतरणारी. तुझा गुडघा दुखत होता हे मला त्यावरून कळलं. त्या दिवसापासून तू थांबलेला होतास, आणि मी दर महिन्याला पगार घेत होतो.

कृतज्ञता वगैरे शब्द मी तुझ्यासाठी वापरले तर तू चिडवशील. पण मला हे सांगू दे. माझे वडील गेले तेव्हा भाऊ परदेशी, नातेवाईक पुण्याला, दारात आम्ही चौघेसुद्धा नव्हतो. तू यार्डातून तसाच आलास, हाताला ग्रीस. भटजींना विचारलंस, मी हात लावला तर चालेल का. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी माझी आई म्हणाली, नामदेवाने नाही लावायचा तर कुणी? तू स्मशानापर्यंत खांदा बदलला नाहीस. आणि तुझ्या वेळेला मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. तुझ्या पुतण्याने मला खूण केली, या, खांदा द्या. मी मोबाइल कानाला लावला. कुणाचाही फोन नव्हता, नामा.

फोन मला वहिनींनी केला होता. "भावजी, हे गेले," एवढंच. आठव्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. बायका उठून आत गेल्या. मी म्हणालो, वहिनी, मला काही सांगायचंय. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, सुनावणीच्या दिवशीच त्यांनी सगळं सांगितलं होतं. वहिनी त्यांना म्हणाल्या होत्या, मी गावात बोंब मारते. तर म्हणाले, त्याची नोकरी जाईल, पोरगी शिकते त्याची. शपथ घातली. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा.

"मना नका सांगू. मना माईत हाय. ज्यांना माईत नाय त्यांना सांगा."

घरी येऊन मी समितीच्या सचिवांना पत्र लिहिलं. सूचना वाटल्या नव्हत्या, सह्या मी घेतल्या, चिठ्ठी मी लिहिली. प्रत साहेबांना. पत्राचं काय होईल ते होवो. समितीची मुदत संपलीय म्हणतात. साहेबांनी मला अजून आत बोलावलेलं नाही. दारावरून जाताना ते मान खाली घालतात.

पण ते पत्र म्हणजे गाव नव्हे. दशक्रियेला तलावाच्या काठी मांडव होता. मी मनाशी एक ठरवून आलो होतो, ते ऐकून तुला माझा राग येईल. मी ठरवलं होतं की पिंडाला कावळा शिवणार नाही. तू अडशील. लोक हात जोडून विचारतील काय राहिलं, कोण म्हणेल मुलीचं लग्न, कोण म्हणेल ट्रेलरचे हप्ते, आणि कुठल्याच बोलण्याला कावळा येणार नाही. मग मी पुढे होईन आणि सांगेन. मला तुझ्याकडून अडवून घ्यायचं होतं. इथेही.

पान ठेवून पुतण्या मागे सरला नाही तोच कावळा आला. लोक हळहळले, म्हणाले, सुटला बिचारा, काही मागे ठेवलं नाही. मी त्या पानाकडे बघत राहिलो. तू अडला नाहीस. तू कधीच सोडून दिलं होतंस, कदाचित पायऱ्यांवरच. आता माझ्यावर कुणाची सक्ती नव्हती. स्कूटर बाहेर उभी होती. जाता आलं असतं.

प्रवचन झालं, श्रद्धांजल्या सुरू झाल्या. सगळे चांगलं बोलले. सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं, आता नामदेवभाऊंचे शाळूसोबती दोन शब्द बोलतील. मी माइक घेतला आणि शाळेविषयी काही बोललो नाही. मोजणीचं सांगितलं. डिकीतले गठ्ठे सांगितले. देवळात मी कुठे बोट ठेवलं ते सांगितलं, तळहात सांगितला, चिठ्ठीतले शब्द जसेच्या तसे सांगितले. नामाने एक पैसा घेतलेला नाही, त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर त्याने मला वाचवलं, हे दोनदा सांगितलं. किती वेळ बोललो आठवत नाही. मागे आचारी पातेली हलवत होते, तेही थांबले.

पुढच्या रांगेत खुर्चीवर पांडूकाका होते. ऐंशीच्या घरातला माणूस. ते काठी टेकत उठले, तेव्हा त्यांना धरायला दोघे धावले. त्यांनी दोघांना झिडकारलं. माइक घेतला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"नामाला आमी देवलातून उठवला. नातीच्या हळदीला आवतन दिला नाय. आज तो जिता असता तं त्याचं पाय धरलं असतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "त्याचं पाय राखंत गेल्यावर तू आलास. आता आमी कुनाचं पाय धरायचं, तेवडं सांग."

नामा, माइक अजून माझ्या हातात होता. कुणी मला जा म्हणालं नाही, कुणी बस म्हणालं नाही. पांडूकाका उत्तराची वाट बघत होते. खरंच वाट बघत होते, हातात काठी धरून, मान जराशी पुढे काढून, कमी ऐकू येणारा माणूस धरतो तशी.